त्यांचं आहे

कुलूपराव निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांचं भाषण चालू असतानाच खुर्ची मागे सारून निघून गेले. साहेब नुकतंच म्हणाले होते, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही." टाळ्या पडल्या, आणि टाळ्या चालू असतानाच हा माणूस उठला. सगळ्यांना वाटलं, भरून आलं असेल, तोंडावर पाणी मारून येतील. मग शिपायाला बघायला पाठवलं, तर तो येऊन म्हणाला, "ते सायकल काढून गेलेसुद्धा." भेट द्यायला आणलेलं भिंतीवरचं घड्याळ कागदात गुंडाळलेलं तसंच टेबलावर राहिलं. ते नंतर मीच त्यांच्या घरी पोचवलं.

त्यानंतर शाखेत जो तो तोंडसुख घ्यायला लागला. माणूस आढ्यतेखोरच होता, साहेबांचा पाणउतारा केला, शेवटच्या दिवशी तरी चार लोकांत नीट वागावं. माझं डोकं असं फिरलं की नोटा मोजायचं मशीन उचलून एकेकाच्या अंगावर टाकावं. कॅशचा पिंजरा त्यांच्या टेबलाला लागून होता, मधे एक काच. त्या काचेच्या अलीकडून मी जे पाहिलं होतं, ते यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

कुलूप हे नाव मीच ठेवलं होतं. त्यांना कळलं तेव्हा रागावले नाहीत. म्हणाले, "नुसतं कुलूप नको, मागे राव लावा. वयाचा तरी मान ठेवा." तेव्हापासून कुलूपराव. ते मला कॅशबाई म्हणायचे, कारण शाखेत कोणाचंही नाव मोठ्यानं घ्यायचं नाही हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम होता. गिऱ्हाइकांना ते नावानं हाक मारत नसत. हळूच समोर जाऊन "या" म्हणायचे. टेबलापुढची खुर्ची त्यांनी अशी तिरकी ठेवली होती की बसणाऱ्याची पाठ हॉलकडे व्हावी. रक्कम कधी तोंडानं बोलायचे नाहीत. चिटोऱ्यावर लिहून दाखवायचे, मग त्याचे बारीक तुकडे करून खिशात. वहिनी सांगायच्या, "यांची पँट धुवायला घेतली की आधी खिशातला भुगा काढायचा. बँकेत काम करतात की गिरणीत, कळत नाही."

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. लहानपणी त्यांच्या वडिलांना मूळव्याध होती. औषध आणायला यांना पाठवायचे. औषधाच्या दुकानात गर्दी, आणि दुकानदार आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, "अरे, मूळव्याधवाल्यांचा मुलगा आलाय, मलम काढ!" सगळं दुकान वळून बघायचं. गल्लीतली पोरं यांना मलम म्हणायला लागली. वडील तर पुढे दुकानावरून जायचेच बंद झाले, लांबच्या रस्त्यानं कामाला जायचे.

"त्या दुकानदारानं खोटं काही सांगितलं नव्हतं, कॅशबाई," ते म्हणाले. "खरंच सांगितलं होतं. खरं कुठं बोलायचं, एवढंच त्याला कळत नव्हतं."

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्यावरून घडलं म्हणून तो सांगते. एकदा घेतलेली माहिती दुसऱ्यांदा मागायची नाही. बाकीच्या बँकांत गिऱ्हाईक दहादा आलं तरी तेच ओळखपत्र, तोच पत्ता, तोच फॉर्म. कुलूपरावांना याची चीड होती. ते म्हणायचे, "डॉक्टरसुद्धा शर्ट एकदाच काढायला लावतो. माणसाला तीच गोष्ट परत परत विचारायची म्हणजे त्याला परत परत उघडं करायचं." त्यामुळे त्यांच्या टेबलाशी काम चटकन व्हायचं. ते स्क्रीनवर बघायचे, "तुमचं आहे आमच्याकडे," म्हणायचे, आणि माणूस सुटायचा. लोक त्यांना दुवा द्यायचे.

मग तो परदेशी खात्यांचा नियम आला.

आमचं गाव नदीच्या अलीकडे, आणि पुलापलीकडे दुसरा देश. लोक सकाळी पूल ओलांडून कामाला जातात, संध्याकाळी परत येतात. कोणाची मुलगी तिकडे दिलेली, कोणाचं दुकान तिकडे. त्यामुळे आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचा पत्ता पलीकडचा. नियम असा आला की जो माणूस दुसऱ्या देशात कर भरतो, त्याच्या खात्यात काय आहे ते बँकेनं आपल्या सरकारला कळवायचं, आणि आपलं सरकार दर वर्षी ते त्याच्या सरकारला कळवणार. तिकडच्या बँकाही आपल्या लोकांचं तसंच कळवणार. त्यासाठी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्यायचा. तुम्ही कर कुठे भरता, तिकडचा तुमचा कराचा नंबर काय, आणि खाली सही.

गावात धांदल उडाली. दातांचे डॉक्टर, जे रोज लोकांना तोंड उघडा म्हणतात, ते आमच्याकडे येऊन तोंड मिटून खाणाखुणा करायला लागले. कुलूपरावांनी त्यांना तिरक्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "डॉक्टर, सरकारपासून लपवायचं असेल तर मी तुमच्या उपयोगाचा नाही. सरकारला मी सांगणार. पण या हॉलमधल्या एकाच्याही कानावर जाणार नाही, ती जबाबदारी माझी." डॉक्टर फणफणत निघून गेले. असे पुष्कळ आले. कुलूपराव प्रत्येकाला तेच, तेवढ्याच हळू आवाजात सांगायचे.

सिस्टर त्याच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. ती पलीकडच्या हॉस्पिटलात नर्स होती. माहेर इथलं, खातं लग्नाआधीचं. नवऱ्याकडे तिकडे राहायची, पण सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला यायची, आणि आलीच आहे तर इथल्या एक-दोन म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंग, इंजेक्शनं करायची. त्याचे पैसे या खात्यात. पांढरे बूट घालूनच आली. खुर्चीच्या टोकावर बसली आणि नियमाचं काहीच न विचारता एकदम म्हणाली, "हे माझ्या घरी कळेल का?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, का हो, घरी का कळू नये? कुलूपरावांनी फक्त विचारलं, "कोणाला कळायला नको आहे?"

"ह्यांना." मग घाईघाईनं म्हणाली, "मारत नाहीत हो. तसे नाहीत. विचारतात."

"काय विचारतात?"

"सगळंच. बस चुकली तर कोणती चुकली. साबण लवकर का संपला. आईशी फोनवर काय बोललीस, मग ती काय म्हणाली, मग तू काय म्हणालीस." ती जरा थांबली. "बसवर तिकीट तपासनीस आहेत. दिवसभर तेच करतात, मग घरी येऊनही तेच. पगार दोघांच्या खात्यात जातो, तो तेच बघतात. हे खातं त्यांना माहीत नाही. मला वेगळं राहायचंय. हॉस्पिटलच्या मागे एक खोली बघून ठेवलीय. आधी खोली, मग सांगणार. आधी सांगितलं तर ते मला निघू देणार नाहीत, बोलून बोलून बसवतील. आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

मी काचेच्या अलीकडे नोटा लावत होते. हात चालू, कान तिकडे. कान काही मला बंद करता येत नाहीत.

कुलूपरावांनी तिला नीट समजावलं. "कळणार ते तिकडच्या कर कार्यालयाला. तुमच्या नंबरावर कळणार, तुमच्या यजमानांच्या नाही. कार्यालय काही घरी जाऊन नवऱ्याला सांगत नाही. यात भोकं दोन आहेत, टपाल आणि तुमचा कर भरणारा माणूस. टपाल आपण बंद करू, तुम्ही येऊन घेऊन जा. कर कोण भरतं?"

"हेच भरतात, दोघांचा."

"मग तिथं स्वतः जाऊन विचारा, वेगळा भरता येतो का. तिकडचा नियम मी छातीठोक सांगणार नाही. पण लपवू नका. सगळं लिहून द्या. सरकारला सांगितलंत की कोणाचीही भीती नाही, आणि बाकी कोणाला सांगायची तुमच्यावर सक्ती नाही."

पुढच्या सुट्टीला ती आली ती हसतच. तिकडे वेगळा भरता येत होता. "सगळं लिहून दिलं," ती म्हणाली. "त्या बाईनं शिक्का मारला आणि वरसुद्धा बघितलं नाही माझ्याकडे!" कोणी आपल्याकडे न बघितल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुलूपरावांनी तिचा फॉर्म घेतला, संगणकात नोंदला आणि म्हणाले, "झालं. आता परत कोणी तुम्हाला हे विचारणार नाही."

मग तिची आई आजारी पडली. अंथरुणावरून उठवेना, बँकेत येणं तर सोडाच. म्हणून आईच्या खात्याला लेक आणि जावई या दोघांची नावं जोडायची ठरलं. त्यासाठी दोघं आली.

मी त्यांना दारातून येताना पाहिलं. जावईबापू उंच, व्यवस्थित भांग पाडलेले, हसऱ्या तोंडाचे. सगळीकडे बघत आले, फलक, खुर्च्या, रांगेतली माणसं. सिस्टर एक पाऊल मागे. तिनं कुलूपरावांकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, आणि त्यांना ते कळलं. उठून समोर गेले आणि इतक्या कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "या. आपण पहिल्यांदाच येताय ना?" की मला मनातून टाळी द्यावीशी वाटली. ती म्हणाली, "हो." सासूबाईंची चौकशी झाली. कागद झाले. सह्या झाल्या.

शेवटी तो फॉर्म. नवीन नाव जोडलं की तो घ्यावाच लागतो. कुलूपरावांनी एक कोरा फॉर्म जावईबापूंपुढे ठेवला. "तुम्ही कर कुठे भरता ते इथं लिहा, नंबर इथं, सही खाली." त्यांनी भरला. कुलूपराव तो ताडून बघायला लागले. मान खाली, पेन हातात. कामात बुडालेले.

जावईबापू म्हणाले, "आणि हिचा?"

कुलूपरावांनी मान वर केली नाही. रोज जसं म्हणतात तसं म्हणाले, "त्यांचं आहे."

माझ्या हातातल्या नोटा हातातच राहिल्या. सिस्टरचा हात पर्सच्या पट्ट्यावर होता, तो तिथंच घट्ट झाला. कुलूपरावांचं पेन आणखी दोन शब्द पुढं गेलं आणि थांबलं. तेव्हा त्यांना कळलं.

जावईबापूंनी आवाज चढवला नाही की कपाळाला आठी घातली नाही. जन्मभर बसमधे कोणाला वगळलं गेलंय हेच बघत आलेला माणूस तो. बायकोकडे बघितलं, कुलूपरावांकडे बघितलं, आणि म्हणाले, "हिचं आहे? बरं." आपलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. सिस्टर उठली. जाताना तिनं खुर्ची जागच्या जागी सरकवून ठेवली, अगदी तिरकी, होती तशी.

ती दोघं दाराबाहेर गेल्यावर कुलूपराव काचेपाशी आले. "कॅशबाई, मी काय बोललो?"

"त्यांचं आहे, म्हणालात."

"मोठ्यानं?"

"नाही हो. नेहमीसारखं हळूच."

त्यांनी काचेला हात टेकला. चेहऱ्यावर जे होतं ते बघवत नव्हतं. मी मान वळवली आणि उगाच ड्रॉवर उघडून बंद केला.

मग ते साहेबांकडे गेले, स्वतःची तक्रार घेऊन. तेव्हाचे साहेब तरुण होते, सर्दीनं बेजार. त्यांनी नियमांचं जाडजूड बाड काढलं. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"गिऱ्हाइकाचं नाव सांगितलंत?"

"नाही."

"खाते क्रमांक? रक्कम?"

"नाही."

"मग काय सांगितलंत?"

"त्यांचं आहे, असं."

"काय आहे?"

"ते नाही बोललो."

"मग झालं तर!" साहेब शिंकले. "याला गोपनीयतेचा भंग म्हणत नाहीत हो. उलट तुम्ही फॉर्म दोनदा न घेऊन वेळ वाचवलात. जा, काम करा. मनाला लावून घेऊ नका."

नियमांच्या अख्ख्या बाडात त्यांच्या चुकीला जागा नव्हती. शिक्षा मिळाली असती तर माणूस वाचला असता, असं मला आजही वाटतं. एखादी पगारवाढ रोखली असती, दुसरीकडे बदली केली असती, तर त्यांना म्हणता आलं असतं, भोगलं. तसं काहीच झालं नाही. उलट साहेबांनी पाठीवर थाप मारली.

तिला फोन करून सावध करावं असं त्यांच्या मनात आलं. रिसीव्हर उचलून कानाला लावला, परत ठेवला. फोन कोण उचलेल? आणि बँकेतून फोन आला म्हटल्यावर त्या घरात पुढे काय काय विचारलं जाईल?

घरी त्यांनी वहिनींना सांगितलं. ऑफिसातली गोष्ट घरी सांगायची ही पहिलीच वेळ. हे मला वहिनींनीच सांगितलं, पुढे मी घड्याळ द्यायला गेले तेव्हा. जेवता जेवता सांगितलं म्हणे, सगळं, पहिल्यापासून. वहिनी साध्या बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिला परत एकदा फॉर्म भरायला दिला असता तर काय बिघडलं असतं?"

कुलूपराव म्हणाले, "एक कागद वाया गेला असता." आणि ताटावरून उठले.

त्यानंतर माणूस पार बदलला. लोक हात करायचे, "काय कुलूपराव!" तर मान फिरवायचे. ते नाव त्यांना चावायला लागलं होतं. मला एकदा म्हणाले, "कॅशबाई, ते नाव आता बंद करा." मी बंद केलं, पण शाखेतल्या बाकीच्यांना काय सांगणार? ते जास्तच म्हणायला लागले. जेवायला ते आमच्यात बसेनात. गिऱ्हाइकाशी बोलायच्या आधी क्षणभर थांबायला लागले, तोंडात आलेला शब्द आधी आत तपासून बघितल्यासारखे. काम हळू झालं. लोक कुरकुरायला लागले. आणि ज्यांचं आधीच घेतलंय त्यांनाही ते पुन्हा फॉर्म द्यायला लागले. कोणी म्हणालं, "अहो, मी दिलाय की," तर म्हणायचे, "असू दे, परत द्या." मला चीड यायची. वाटायचं, सांगावं, अहो आता कोणासाठी? जिच्यासाठी करायचं होतं तिच्या वेळेला केलं नाहीत. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी परत नोटा मोजायला लागायचे. लाजलेल्या माणसाला आणखी काय लाजवायचं.

थंडी संपता संपता ती दोघं पुन्हा आली. या वेळी जावईबापू पुढे आणि थेट साहेबांकडे. सिस्टरचं खातं बंद करायचं होतं, पैसे पलीकडे दोघांच्या खात्यात वळवायचे होते. साहेबांनी त्यांना कुलूपरावांच्या टेबलाकडे धाडलं, कारण पलीकडच्या लोकांची खाती त्यांच्याकडेच.

सिस्टर तिरक्या खुर्चीत बसली. तेच पांढरे बूट. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, झाडून घेतलेल्या खोलीसारखा चेहरा. नवरा मात्र बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. चांगल्या मोकळ्या आवाजात बोलायला लागला, आणि कुलूपरावांनी इतकी वर्षं जपलेला तो कोपरा सगळ्या हॉलला ऐकू यायला लागला.

"हिला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "वेगळा कर काय, टपाल घरी पाठवू नका काय. हे डोकं हिचं नाही. इथल्याच कोणीतरी शिकवलंय. नवरा-बायकोत असं करायला लावणारा माणूस कोण आहे ते मला कळलं पाहिजे. नाव द्या, मी वर तक्रार करणार आहे." आणि वाकून, हसूनच, "तुम्ही का हो? त्या दिवशी तुम्हालाच तर माहीत होतं."

आता इथं त्यांना बोलायला किती सोपं होतं. हो, मीच सांगितलं. नियमात बसतं ते. बायकांचं खातं बायकांचं असतं, करा तुम्ही तक्रार. साहेबांच्या त्या बाडातल्या सगळ्या पानांनी त्यांची बाजू घेतली असती. मी काचेला नाक लावून उभी होते. बोला, मी मनात म्हणत होते, बोला हो.

पण आधी सिस्टर बोलली. कुलूपरावांकडे तिनं असं बघितलं, जसं त्यांनी ती नवऱ्याबरोबर पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याकडे बघितलं होतं, अगदी कोरं. म्हणाली, "हे नाहीत हो. यांना मी त्या दिवशी तुमच्याबरोबर आले तेव्हा पहिल्यांदा बघितलं. एक बाई होत्या. आता दिसत नाहीत कुठं."

"कोण बाई?" नवऱ्यानं कुलूपरावांना विचारलं.

"होत्या," कुलूपराव म्हणाले. "बदली झाली त्यांची."

"मग त्या दिवशी तुम्हाला कसं माहीत?"

"स्क्रीनवर दिसतं आम्हाला." आणि कोणी विचारलं नसताना, "गेल्याच वर्षी गेल्या त्या. लांब, दुसऱ्या टोकाला."

"बरं," नवरा म्हणाला. त्याला पटलं होतं.

ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती, म्हणून तो हॉलच्या दुसऱ्या बाजूला मशीनपाशी गेला. तेवढ्यात कुलूपराव पुढे झुकले. "ताई," ते म्हणाले, "माझं फार चुकलं. मी..."

सिस्टरनं ओठ न हलवता म्हटलं, "फॉर्मकडे बघा. ते बघतायत."

त्यांनी फॉर्मकडे बघितलं. तो परत येईपर्यंत बघत राहिले. खातं बंद करायचं कारण लिहायची एक रेघ होती. तिनं लिहिलं, घरगुती. सही केली. जाताना आमच्याकडे लोक येतो म्हणतात, येते म्हणतात. ती काही म्हणाली नाही. नवराच दोघांच्या वतीनं म्हणाला, "येतो."

रांगेत माणसं होती तरी मी पिंजऱ्याला कडी लावून बाहेर आले. मला संताप आला होता. "अहो, तिला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून तसं बोललात ना?" मी विचारलं. मला त्यांच्याकडून हो ऐकायचं होतं. हो म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता.

"घरी तसंच सांगणार आहे," ते म्हणाले. बंद केलेल्या खात्याचे कागद त्यांच्या हातात होते, ते टेबलावर सारखे करत होते. "तसं नव्हतं, कॅशबाई. तो तक्रार म्हणाला आणि मी घाबरलो. नोकरी दिसली, पेन्शन दिसली. ती दिसलीच नाही मला."

रांगेतलं कोणीतरी पिंजऱ्याच्या काचेवर टकटक करत होतं.

"त्या दिवशी तिच्यासाठी एक खोटा प्रश्न विचारायचा होता," ते म्हणाले. "तुम्ही कर कुठे भरता, एवढाच. तो मला सुचला नाही. मी मनाची समजूत घातली होती, की आपल्याला खोटं जमतच नाही, आपण तसले नाही. आज बघितलंत ना? न विचारता वरचं एक वाक्यसुद्धा जोडलं मी."